रानातील जीवांकरिता मातीचे लहान बांध : ते कसे टिकतात व का फुटतात

आमच्या कमिटीच्या कार्यास ज्या उदार व्यापाऱ्यांनी, जमीनधारकांनी व इतर धनिक गृहस्थांनी आजवर साहाय्य केले, त्यांच्यापुढे जमाखर्चाचे आकडे मांडण्याबरोबरच एका विषयाचे थोडे विवेचन करणे आम्हांस अवश्य वाटते. अवर्षणाच्या दिवसांत माणसांस अन्न व गुरांस चारा पुरविण्याचा प्रश्न सर्वांच्या डोळ्यांपुढे असतो. परंतु रानातील हरिणे, ससे, मोर, तितर, लांडगे, कोल्हे यांचा कैवार घेण्यास कोणी दावेदार नसतो. अशा वेळी पुष्कळ दयाळू गृहस्थ आम्हांस सुचवितात की, एकाद्या ओढ्यावर मातीचा लहानसा बांध घालून या मुक्या जीवांच्या पाण्याची सोय करावी आणि त्याचा खर्च आपण सोसू. हा हेतू अत्यंत स्तुत्य आहे. परंतु पाणी अडविणे हे विहीर खणण्यासारखे किंवा पाणपोई घालण्यासारखे निरुपद्रवी पुण्यकर्म नव्हे. विहीर आटली तर ती निरुपयोगी होते, एवढेच. बांध फुटला तर तो खालच्या गावाचा घात करतो. म्हणून अशा कामास पैसा देणाऱ्याने ते काम कसे असावे हे थोडक्यात तरी जाणून घ्यावे, या हेतूने पुढील मजकूर लिहिला आहे.

पाण्याची गरज व तिचे खरे स्वरूप

महाराष्ट्राच्या पठारावरील पर्जन्यछायेचा प्रदेश हा उजाड माळ आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. पण त्या माळावरच काळवीट, चिंकारा व माळढोक यांसारखे जीव वाढले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील रेहेकुरी, पुणे जिल्ह्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर व सोलापूरजवळील नान्नज ही अभयारण्ये अशाच गवताळ मुलखात आहेत. या मुलखात पाणी अडविल्याने जीवसृष्टीस केवढा आधार मिळतो, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर होय. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी पाटाच्या पाण्याकरिता बंधारा घातला गेला. त्याच्या पाठीमागे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली, तेथे हजारो पक्षी येऊ लागले, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत महाराष्ट्रातून प्रथम त्याच स्थळाचा समावेश झाला. तो बंधारा पक्ष्यांकरिता बांधला नव्हता. पक्ष्यांनी तो आपलासा केला.

परंतु येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. दख्खनच्या कोरड्या मुलखात उघड्या पाण्यातून वर्षाकाठी सुमारे दीड ते दोन मीटर खोलीचे पाणी नुसते वाफ होऊन उडून जाते. जमिनीत मुरते ते निराळेच. तेव्हा एक-दीड मीटर खोलीचे पसरट तळे पावसाळ्याअखेर कितीही शोभिवंत दिसले, तरी चैत्र-वैशाखात, म्हणजे ज्या दिवसांत प्राण्यांस पाण्याची खरी निकड असते त्याच दिवसांत, ते कोरडे पडणार. यावर उपाय बांध उंच करणे हा नव्हे. तळ्याच्या पोटात, बांधापासून पुरेशा अंतरावर, एक खोल खड्डा खणून घ्यावा. म्हणजे शेवटचे पाणी तेथे टिकते आणि बांधावर जास्त भार पडत नाही. खणलेले पाणी फुटून वाहत नाही. फुटते ते भरावाने तोललेले पाणी. हा भेद ज्याने जाणला त्याने सुरक्षिततेचे अर्धे तत्त्व जाणले.

आकाराने लहान म्हणून बांध निर्धोक असतो, ही समजूतही सोडून द्यावी. दोन हेक्टर पसरलेल्या व सरासरी दीड मीटर खोल अशा तळ्यात तीस हजार घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर पाणी असते. ते अर्ध्या तासात सुटले तर ओढ्यातून दर सेकंदास सरासरी सोळा-सतरा हजार लिटरांचा लोंढा जाईल. ओढ्याकाठी झोपड्या, विहिरींवरील पंपघरे, गोठे व मेंढपाळांचे वाडे असतात. त्यांस सावध करण्यास अर्धा तासही मिळत नाही.

बांधाची रचना

मातीचा बांध म्हणजे मातीचा ढीग नव्हे. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवितो. गाभ्याच्या दोन्ही अंगांस मुरमाचे कवच असते, ते गाभ्यास आधार देते. गाभ्याखाली जमिनीत चर खणून तो कठीण थरापर्यंत नेतात व त्याच चिकण मातीने भरतात, नाही तर पाणी बांधाखालून वाट काढते. आपल्याकडील काळी माती पाणी धरण्यास उत्तम. पण ती वाळली की तिला भेगा पडतात, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. म्हणून निव्वळ काळ्या मातीचा बांध करणे धोक्याचे असून ती नेहमी मुरमाच्या आवरणाखाली ओलसर राहील अशी योजना करावी लागते. पाण्याच्या बाजूस लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून दगडी अस्तर, आणि बाहेरच्या बाजूस पायथ्याशी वाळू, खडी व दगड यांची क्रमाने रचलेली गाळणी असते. या गाळणीचे काम पाझर बंद करणे नसून, पाणी बाहेर जाऊ देणे व माती आत अडकवून ठेवणे हे आहे.

आमच्या देणगीदारांपैकी कोणी काम पाहावयास गेला तर त्यास एक सोपी परीक्षा सांगून ठेवतो. माथ्याची रुंदी तीन मीटर, आतील उतार उंचीच्या तिप्पट व बाहेरील उतार अडीचपट धरला, तर पाच मीटर उंचीच्या बांधाचा पायथा साडेतीस मीटर रुंद भरला पाहिजे. तो पंधरा-वीस मीटरच भरला, तर एक तर उतार उभे केले आहेत किंवा माती कमी घातली आहे. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत.

मातीचा भराव पातळ थरांनी घालून प्रत्येक थरावर पाणी शिंपडून रूळ फिरवावा लागतो. माती फार कोरडी असली तर दबत नाही, फार ओली असली तरी दबत नाही; मधल्या एका ओलाव्यासच ती सर्वांत घट्ट बसते. हे तत्त्व कॅलिफोर्नियातील इंजिनियर प्रॉक्टर यांनी १९३३ साली शास्त्रीय रीतीने मांडले. मुठीत दाबून गोळा व्हावा, पण हातास चिखल लागू नये, ही अनुभवी मुकादमांची खूण त्याच तत्त्वाची आहे.

बांध फुटण्याची कारणे

जगात मातीचे जे बांध फुटले, त्यांची कारणे मुख्यत्वे तीन आहेत. पहिले, पाणी माथ्यावरून जाणे. दुसरे, पाणी बांधाच्या पोटातून अथवा पायातून माती घेऊन जाणे. आणि तिसरे, उतार घसरणे. पहिली दोन कारणेच बहुतेक अपघातांच्या मुळाशी असतात.

दगडी बांधावरून थोडा वेळ पाणी गेले तरी तो टिकू शकतो. मातीच्या बांधास ते सहन होत नाही. माथ्यावरून उतरणारे पाणी बाहेरचा उतार खरवडते, खरवडलेल्या जागी अधिक पाणी लोटते, आणि काही वेळातच तेथे भगदाड पडते. यास्तव मातीच्या बांधाचे खरे संरक्षण बांधात नसून सांडव्यात असते. सांडवा बांधाच्या एका कडेस, भरावावर नव्हे तर मूळच्या टणक जमिनीत काढावा, आणि त्याची रुंदी पाणलोटाच्या मानाने ठरवावी. उदाहरणार्थ, एक चौरस किलोमीटर पाणलोटावर तासात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला व त्यातील साठ टक्के पाणी वाहून आले, असे धरले, तर तासाभरात तीस हजार घनमीटर, म्हणजे दर सेकंदास सुमारे सव्वाआठ घनमीटर पाणी तळ्यात येते. सांडव्यावरून साठ सेंटिमीटर खोलीने ते जावयाचे तर सांडवा साधारणतः साडेदहा मीटर रुंद हवा. आता त्यातील अर्धी रुंदी काटेरी झुडपांनी, गाळाने अथवा मासे अडविण्याच्या जाळीने अडली, तर तेच पाणी साठऐवजी पंचाण्णव सेंटिमीटर चढते. बांधाचा माथा सांडव्याहून एक मीटरच उंच असला, तर संकट व सुरक्षितता यांत पाच सेंटिमीटरांचे अंतर उरते, आणि वारा सुटला तर लाटांस तेवढे पुरे होते.

हे भय काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात साऊथ फोर्क नावाचा मातीचा बांध मूळ कालव्याकरिता बांधलेला होता. पुढे तो श्रीमंत गृहस्थांच्या मासेमारी व शिकारीच्या एका क्लबाच्या ताब्यात आला. तळाशी पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसविले गेले नाहीत. माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून माथा काहीसा खाली आणण्यात आला. आणि तळ्यात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसविण्यात आल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली, जाळ्यांत पालापाचोळा व ओंडके अडकले, पाणी माथ्यावरून गेले आणि बांध फुटला. खाली जॉन्सटाऊन शहरात २,२०९ माणसे मेली. मासे राखण्याकरिता केलेली सोय माणसांच्या मुळावर आली. रानातील जीवांकरिता बांध घालू इच्छिणाऱ्याने ही हकीकत विसरू नये. कारण आपलाही हेतू असाच निर्दोष असतो.

दुसरे कारण अधिक गुप्त आहे. प्रत्येक मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच. ते स्वच्छ असेल तोवर चिंता नाही. परंतु पाझर आपल्याबरोबर मातीचे कण नेऊ लागला, म्हणजे आत एक बारीक नळी तयार होते. ती मागे मागे पाण्याकडे वाढत जाते, आणि एके दिवशी तळ्याचे पाणी तिला मिळते. मग काही तासांत सर्व संपते. अमेरिकेतील टीटन बांध ५ जून १९७६ रोजी पहिल्याच भरणीत याच प्रकारे फुटला. त्याची उंची व त्यावरील खर्च आपल्या बांधाच्या कितीतरी पट होता, पण पाण्याने त्याचा मुलाहिजा ठेवला नाही.

बांधातून मोरी अथवा नळ नेला म्हणजे त्याच्या बाजूने पाणी वाट काढण्याचा संभव सर्वांत अधिक असतो, कारण नळाच्या कडेने माती नीट दाबता येत नाही. पानशेतचा मातीचा बांध १२ जुलै १९६१ रोजी फुटला, त्यावेळी त्याचे काम पुरे झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असताना पाणी भरले, मोरीच्या वरचा भराव खचला आणि बांध गेला. त्याच दिवशी खालचे खडकवासल्याचे धरणही फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यावरून आम्ही इतकाच बोध घेतो की, रानातील तळ्यास मोरी शक्य तो बांधाच्या भरावातून नेऊ नये. न्यावीच लागली तर ती कठीण जमिनीवर टेकलेली असावी व तिच्या बाहेरच्या टोकाभोवती वाळूची गाळणी असावी.

ज्यांच्याकरिता बांध, त्यांच्यापासूनच बांधास धोका

रानातील तळ्याच्या बांधास एक अडचण अशी आहे की, ज्या जीवांचे आपण रक्षण करू इच्छितो तेच त्यास पोखरतात. उंदीर, घुशी, साळिंदरे, घोरपडी, खेकडे व वाळवी यांस ओलसर मऊ माती प्रिय असते. त्यांची बिळे आतील पाण्याच्या पातळीस लागली की, वर सांगितलेली नळी त्यांनी आयतीच करून ठेवलेली असते. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून खालच्या वाडीतील वीसच्या सुमारास माणसे मेली, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर दोष ठेवला आणि त्याचा सर्वत्र उपहास झाला. आम्हांस त्या वादात शिरावयाचे नाही. परंतु गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती, हे प्रसिद्ध आहे. आणि खेकड्याने बीळ केले हे क्षणभर मान्य केले, तरी बीळ एका रात्रीत होत नाही. ते पाहणारा व बुजविणारा कोणी नव्हता, हाच मूळ दोष ठरतो.

यावर उपाय प्राणी मारणे हा नव्हे. बांधाच्या आतील उतारावर दगडी अस्तर नीट बसविले, बाहेरचा उतार आखूड गवताने झाकला व झुडपे वाढू दिली नाहीत, तर बीळ करणाऱ्यास आडोसा मिळत नाही आणि केलेले बीळ दिसते. झाडे बांधावर मुळीच असू नयेत. सावली म्हणून लावलेले वडा-पिंपळाचे रोप पुढे मुळ्या खोल घालते, आणि झाड मेले की त्या मुळ्या कुजून तेथे पोकळ वाट राहते. वृक्षारोपणाची हौस असल्यास ती बांधापासून दूर, काठावर भागवावी. गुरे, मेंढ्या व हरिणे यांस पाण्यावर येण्याकरिता तळ्याच्या वरच्या अंगास, म्हणजे बांधाच्या विरुद्ध बाजूस, सौम्य उताराची वाट करून द्यावी. ती नसल्यास जनावरे बांधावरून उतरतात व खुरांनी माथ्यास खाचा पाडतात. तीच सौम्य वाट पिलांच्या जीवासही आवश्यक आहे. उभ्या काठाच्या किंवा गुळगुळीत अस्तर घातलेल्या तळ्यात पडलेले पाडस वर येऊ शकत नाही.

आणखी एक सावधगिरी. गवताळ माळ हेच काळवीट व माळढोक यांचे घर आहे. त्यांच्या सोयीच्या नावाखाली उत्तम गवताचा पट्टा पाण्याखाली घालणे म्हणजे घर मोडून पाणपोई घालणे होय. तळे लहान असावे, कडेच्या ओढ्यात असावे. पाण्यावर सर्व जीव एकत्र येतात तेथे चोरटा शिकारीही येतो, म्हणून राखणीची तजवीजही तळ्याबरोबरच झाली पाहिजे.

दुष्काळी कामाचा विशेष धोका

तलावाचे काम व दुष्काळ यांचा आपल्या प्रांतात जुना संबंध आहे. सोलापूर जिल्ह्यातील आष्टीचा मोठा तलाव १८७६–७७ च्या दुष्काळात लोकांस काम देण्याकरिता सुरू झाला. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील इंजिनियर स्ट्रेंज यांनी अशा कामांच्या अनुभवावरून हिंदुस्थानातील मातीच्या बांधांवर १९०४ साली एक ग्रंथच लिहिला. १९७२ च्या दुष्काळात तर १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे पन्नास लक्ष माणसे सरकारी कामांवर होती, आणि त्यांच्या हातून गावोगाव पाझर तलाव झाले. त्या श्रमांनी लाखो कुटुंबे जगली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

तथापि दुष्काळात बांध घालण्यात एक अंतर्विरोध आहे, तो देणगीदारांनी समजून घ्यावा. भराव दाबण्यास पाणी लागते, आणि दुष्काळात नेमके तेच नसते. मजूर अशक्त असतात, त्यांपैकी पुष्कळांनी असे काम पूर्वी केलेले नसते, आणि मजुरी मातीच्या मापावर असल्याने प्रत्येकाचे लक्ष माती टाकण्याकडे असते, दाबण्याकडे नसते. मृगापूर्वी काम उरकण्याची सर्वांस घाई असते. असा कोरडा, सैल बांध पहिल्याच जोरदार पावसास सामोरा जातो. मग तो खचतो, भेगाळतो आणि कधी कधी जातो.

म्हणून आमचे मत असे आहे की, दुष्काळाच्या वर्षी जी कामे कोरड्यात चांगली होतात तीच करावीत : पायाचा चर खणणे, सांडवा खोदणे, दगड व खडी गोळा करणे, तळ्याच्या पोटातील खड्डा खणणे, पाणलोटात समतल चर व ताली घालणे. भिंतीचे दोन्ही बाजूंचे भाग पाण्याची सोय असेल तेवढेच चढवावेत. पण मधली घळभरणी पुढील हंगामात, पाणी व रूळ हाताशी असताना, एका दमात करावी. अर्धवट चढविलेली घळ पावसाळ्यात सापडणे हा सर्वांत मोठा धोका होय. मजुरांस तितकेच काम मिळते. फक्त दात्यास आपले तळे भरलेले पाहण्यास एक वर्ष अधिक थांबावे लागते. भराव पुढेही काही काळ बसतच असल्याने माथा प्रथम ठरल्या उंचीहून थोडा अधिक, काम साधे असल्यास दहाव्या हिश्श्यापर्यंत, चढवून ठेवावा. पहिल्या वर्षी तळे एकदम भरू न देता मोरी उघडी ठेवून हळूहळू भरावे.

कायद्याची बाजू

आमच्यापैकी काहींचा व्यवसाय कायद्याचा असल्याने दात्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर येथे देतो : आपल्या जमिनीवर धर्मबुद्धीने घातलेला बांध फुटला, तर जबाबदारी कोणाची?

इंग्लंडात रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात १८६८ साली असे ठरले की, जो आपल्या जमिनीवर सुटल्यास उपद्रव करील अशी वस्तू, जसे साठविलेले पाणी, आणून ठेवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर ठेवावी. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी तो भरपाईस पात्र होतो. तो खटलाही तलावाचाच होता. गिरणीच्या तलावातले पाणी जुन्या बुजलेल्या खाणींतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते. आपल्या देशात मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेटीनगरचे जमीनदार या खटल्यात १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने हा कडक नियम लावला नाही. अतिवृष्टीने जमीनदाराचे जुने तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते. परंतु असे तलाव रयतेच्या शेतीकरिता परंपरेने राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच असल्याने, निष्काळजीपणा शाबीत झाल्याशिवाय तो जबाबदार नाही, असा निर्णय झाला. त्या निर्णयात दात्यांस दिलासा दिसेल. पण तो दिलासा परंपरेने चालत आलेल्या तलावास व निष्काळजीपणाच्या अभावास आहे. आज हौसेने नवा बांध घालणाराने, ज्यास ना सांडवा ना राखणदार, त्यावर भिस्त ठेवू नये.

केंद्र सरकारचा धरण सुरक्षा अधिनियम, २०२१, हा पंधरा मीटरहून उंच धरणांस, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा, पूर इत्यादींच्या ठरावीक अटींत बसणाऱ्यांस लागू आहे. आपण ज्यांविषयी बोलत आहो ते तीन-पाच मीटरांचे बांध त्याच्या कक्षेत येत नाहीत. याचा अर्थ ते सुरक्षित आहेत असा नसून, त्या कायद्याने नेमलेला कोणी अधिकारी त्यांची तपासणी करावयास येणार नाही, असा आहे. कायद्याचा डोळा जेथे पोहोचत नाही तेथे मालकाचा डोळा पोहोचला पाहिजे. तसेच, अभयारण्याच्या हद्दीत पाण्याचा प्रवाह वळविणे किंवा अडविणे यास वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. सद्धेतूने केलेले बेकायदा काम बेकायदाच ठरते. म्हणून आधी परवानगी, मग कुदळ.

देखरेखीची रीत

देखरेखीस इंजिनियरच पाहिजे असे नाही. रोज डोळे उघडे ठेवून फिरणारा गावचा एक विश्वासू माणूस पुष्कळ आहे. त्याने पावसाळ्यापूर्वी सांडवा साफ करावा, बिळे चिकण माती ठोकून बुजवावीत, झुडपे रोपावस्थेतच उपटावीत, माथ्यावरील खळगे भरून काढावेत. पावसाळ्यात दररोज, व मोठ्या पावसानंतर तत्काळ, बाहेरच्या पायथ्याशी चालत जावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात : नवा ओलावा किंवा दलदल दिसते काय, पाझर वाढला काय, तो गढूळ झाला काय, माथ्यास लांब भेग पडली काय, उतार कोठे फुगला किंवा बसला काय, तळ्याच्या पृष्ठभागावर भोवरा दिसतो काय. पाझराचे पाणी काचेच्या भांड्यात धरून ठेवल्यास तळाशी गाळ बसतो की नाही, हे लहान मूलही सांगेल.

गढूळ पाझर दिसला तर बाहेरून माती टाकून तो बंद करण्याचा मोह आवरावा. पाणी दुसरीकडून वाट काढते. त्या जागी प्रथम जाड वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असा ढीग घालावा, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. त्याच वेळी मोरी पूर्ण उघडून तळ्याची पातळी उतरवावी. जरूर तर मूळच्या जमिनीत, बांधापासून दूर, वाट खोदून पाणी काढावे. बांधाच्या भरावास मात्र कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. आणि या सर्वांच्या आधी खालच्या वस्तीस निरोप धाडावा. भय खोटे ठरले तर लोक रागावतील; खरे ठरले तर ते जिवंत राहतील. कोणी कोणास कळवावयाचे, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवून चावडीवर लावून ठेवावे.

दात्यांस विनंती

वरील विवेचनावरून आमच्या आश्रयदात्यांच्या ध्यानात येईल की, बांधास लागणारा पैसा बांध पुरा झाल्यावर संपत नाही. दुर्दैवाने भिंतीस देणगी मिळते, तिच्यावर नावाची शिळा बसते. सांडव्यास देणगी मिळणे कठीण, आणि राखणदाराच्या वेतनास तर ती जवळजवळ मिळतच नाही. म्हणून आमची सूचना अशी आहे की, या कार्यास जे गृहस्थ साहाय्य करू इच्छितात त्यांनी दर शंभर रुपयांपैकी पंधरा रुपये कायम निधीत ठेवण्यास संमती द्यावी, व त्याच्या व्याजातून देखरेख चालावी. जेथे असा निधी होत नाही तेथे उंच बांध न घालता नुसते खणलेले पाणवठे करावेत, हेच आम्ही सुचवू. ते दिसण्यात लहान. पण त्यांच्यापासून कोणाच्या झोपेस धोका नाही.

जमीनधारकांस आमची आणखी एक विनंती आहे. आपल्या शेतात वा कुरणात पूर्वीच्या दुष्काळांत झालेले जुने पाझर तलाव असतील. त्यांचे सांडवे मुजले असतील, माथ्यावर बाभळी वाढल्या असतील. नव्या बांधास हात घालण्यापूर्वी ते एकदा पायी फिरून पाहावेत. एक जुना बांध नीट करून त्यात पाणी टिकविणे हे खर्चाने नव्या बांधाच्या कितीतरी कमी असून, जीव वाचविण्याच्या दृष्टीने त्याच्या बरोबरीचे आहे. शिवाय त्याने डोक्यावरील एक धोका टळतो. व्यापारी बंधूंनी या दुरुस्तीकरिता सिमेंट, जाळी, नळ किंवा रुळाचे भाडे अशा रूपाने वस्तूंचे साहाय्य केले तरी ते रोख देणगीइतकेच उपयोगी पडेल.

पाण्यावर येणारे हरिण बांध कोणी बांधला हे विचारीत नाही, आणि बांधाखाली राहणारा मजूरही ते विचारीत नाही. दोघेही आपल्यावर विश्वास टाकून राहतात. तो विश्वास राखण्यास जे द्रव्य, जी वेळ व जी दक्षता लागेल ती देण्यास आमचे सुज्ञ वाचक मागे राहणार नाहीत, अशी पूर्ण आशा बाळगून आम्ही हे निवेदन पुरे करतो.